काशीची सतार आणि परदेशी वाद्यवृंद

काशीचे संगीत हे मूलतः एकट्याचे संगीत आहे. गंगेकाठच्या मंदिरात घुमणारी बिस्मिल्ला खाँसाहेबांची शहनाई असो, सिद्धेश्वरीदेवींची ठुमरी असो, की अनोखेलालांचा 'ना धिं धिं ना' असो. तेथे एक कलावंत बसतो, साथीदार त्याच्या मागे चालतात आणि त्या घटकेला त्याला जे सुचेल ते रसिकांपुढे मांडले जाते. दहा वादकांनी एकाच वेळी पूर्वी ठरविलेले स्वर वाजवावेत, ही कल्पना या गल्ल्यांना परकी आहे. असे असूनही विसाव्या शतकात भारतीय संगीताला वाद्यवृंदाचे वैभव मिळावे म्हणून ज्याने सर्वांत अधिक धडपड केली, त्यापायी दोन्ही जगांची टीका सोसली, तो कलावंत याच नगरीत जन्मला, हा योगायोग मोठा मौजेचा आहे.

रविशंकरांचा जन्म ७ एप्रिल १९२० रोजी बनारस येथे झाला. दहाव्या वर्षी, १९३० साली, थोरले बंधू उदयशंकर यांच्या नृत्यपथकाबरोबर ते पॅरिसला गेले. त्यांच्या कानांवर वाद्यमेळाचे पहिले संस्कार झाले ते तेथे. उदयशंकरांच्या नृत्यासाठी सरोद, सतार, बासरी, जलतरंग आणि तऱ्हेतऱ्हेची तालवाद्ये एकत्र वाजत. या संगीताची घडण प्रथम तिमिर बरन यांनी केली आणि पुढे विष्णुदास शिराली यांनी. शिराली हे पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य. महाराष्ट्रात त्यांच्या नावाची आठवण जितकी राहावयास हवी होती तितकी राहिली नाही. परदेशी वाद्यांना हात न लावता केवळ आपल्या वाद्यांतून समूहसंगीत उभे राहू शकते, हे ज्यांनी पॅरिस-लंडनच्या रंगमंचावर सिद्ध केले, त्यांत त्यांची गणना करावी लागेल.

दुसरा संस्कार मैहरचा. १९३८ साली नृत्य सोडून रविशंकर उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांच्याकडे शिकावयास गेले. तेथे खाँसाहेबांनी अनाथ मुलांना हाताशी धरून एक बँड उभा केला होता. बंदुकीच्या नळ्या कापून केलेले 'नलतरंग' नावाचे वाद्य त्यात वाजत असे. ज्या गुरूपाशी वर्षानुवर्षे एकेका रागाची साधना करावयाची, तोच गुरू सायंकाळी मुलांकडून सामूहिक गती वाजवून घेतो, हे शिष्याने डोळ्यांनी पाहिले होते. तेव्हा रागसंगीत आणि वाद्यवृंद यांत वैर आहे, असे त्याला कधी वाटले नसेल, तर त्यात नवल ते काय?

१९४९ साली रविशंकर दिल्लीच्या आकाशवाणीत दाखल झाले आणि तेथे 'वाद्यवृंद' आकारास आला. या काळात नभोवाणी खात्याचे मंत्री होते डॉ. बाळकृष्ण केसकर, मराठी गृहस्थ, काशी विद्यापीठात वावरलेले आणि शास्त्रीय संगीताचे कट्टर अभिमानी. चित्रपटगीतांना त्यांनी आकाशवाणीवरून हद्दपार केल्याची कथा सर्वश्रुत आहे. पण केवळ बंदी घालून श्रोता शास्त्रीय संगीताकडे वळत नाही. त्याला रुचेल असे काही द्यावे लागते. वाद्यवृंदाकडून तीही अपेक्षा होती. १९५६ साली रविशंकरांनी आकाशवाणी सोडली ती देशोदेशी सतार ऐकविण्यासाठी.

यानंतरची दहा वर्षे येथे झपाट्याने ओलांडावयास हरकत नाही. यहूदी मेन्युहिन यांच्याबरोबरची तबकडी गाजली, तिला ग्रॅमी पारितोषिक मिळाले. बीटल्सपैकी जॉर्ज हॅरिसन शिष्य झाला. १९६७ साली माँटेरे येथील महोत्सवात हजारो तरुणांनी सतार ऐकली. कीर्ती वाढली तसा मायदेशी आक्षेपही वाढला. सतार हिप्पींच्या हाती दिली, राग पातळ केला, असे म्हणणारे थोडे नव्हते. वस्तुतः परदेशातील स्वतंत्र मैफलींत रविशंकर आलाप-जोडही वाजवीत आणि श्रोत्यांनी धूम्रपान करू नये असा आग्रहही धरीत. परंतु कीर्तीचा गलबला झाला की मूळ वादन ऐकण्याची तसदी कोण घेतो?

अशा वेळी लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राने त्यांच्याकडे सतार व वाद्यवृंद यांसाठी 'कॉन्चेर्तो' मागितला. २८ जानेवारी १९७१ रोजी लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये आंद्रे प्रेव्हिन यांच्या संचालनाखाली तो सादर झाला आणि त्याची ध्वनिमुद्रिकाही त्याच वर्षी निघाली. रचना सुमारे चाळीस मिनिटांची. खंड चार: खमाज, सिंधी भैरवी, अडाणा आणि मांज खमाज. तबला मुद्दाम वगळून त्याजागी बाँगो घेतले होते. पाश्चात्त्य संगीताचा प्राण मानला जाणारा स्वरसंवाद, म्हणजे अनेक स्वर एकाच वेळी निनादत ठेवण्याची कला, रविशंकरांनी हेतुपुरस्सर दूर ठेवली होती. शंभराच्या आसपास वादकांचा ताफा समोर असताना त्या सर्वांना रागाच्या एका रेषेवरून चालावयास लावणे, ही त्यांची प्रतिज्ञा होती.

या प्रतिज्ञेवरच समीक्षकांची मते दुभंगली. काहींना वाद्यांचे रंग मोहक वाटले, सतारीची आणि हार्प किंवा बासरीची उत्तरे-प्रत्युत्तरे आवडली. इतरांची तक्रार अशी की, एवढा मोठा वाद्यवृंद केवळ सतारीचे बोल उचलून परत देतो. विषयाचा विकास होत नाही. एक तुकडा संपतो, दुसरा लागतो. इकडे भारतीय जाणकारांची तक्रार नेमकी उलट होती. त्यांच्या मते सारे स्वर आधी लिहून ठेविले की राग फुलावयाचा कोठून? चाळीस मिनिटांत चार राग म्हणजे तोंडओळख. एका खमाजाला तेवढा वेळ दिला असता तर गोष्ट वेगळी. लंडनच्या टीकाकाराने बीथोव्हेनचे माप हाती घेतले, दिल्लीच्या टीकाकाराने आलापाचे. मात्र रचना ज्या कुळातली होती, त्या मैहरच्या बँडचे आणि उदयशंकरांच्या वाद्यमेळाचे माप क्वचितच कोणी लावून पाहिले.

म्हणून त्या रचनेत दोष नव्हते असे नव्हे. युरोपीय वादक लिहिलेला स्वर अचूक वाजवितो; पण दोन स्वरांमधली मींड, आंदोलनातला सूक्ष्म कंप हे कागदावर उतरत नाहीत. सतारीने अडाण्याचा गंधार डोलविला आणि व्हायोलिनच्या रांगेने तोच सरळ उभा केला, की रागाला ठेच लागते. दहा वर्षांनी, १९८१ साली, मुंबईकर झुबिन मेहता यांच्या संचालनाखाली न्यूयॉर्क फिलहार्मोनिकबरोबर 'रागमाला' ही दुसरी रचना सादर झाली. तीत ललत, बैरागी, यमन कल्याण आणि मियाँ की मल्हार हे चार राग योजिलेले होते. येथे वाद्यवृंदाचा उपयोग अधिक धीट आहे. तरीही हा मूळचा पेच सुटला असे म्हणवत नाही.

खरी कसोटी लागली ती या दोहोंच्या मधल्या काळात, आणि तिचा प्रारंभ काशीतच झाला. १९७४ च्या आरंभी रविशंकरांनी बनारसला बांधलेल्या 'हेमांगना' या घराची वास्तुशांत झाली. त्या प्रसंगी हॅरिसन तेथे आला होता. भारतातील निवडक वादक-गायकांचा एक वाद्यवृंद करून तो युरोप-अमेरिकेत न्यावा, हा बेत तेथे पक्का झाला. हरिप्रसाद चौरसिया, शिवकुमार शर्मा, अल्लारखा, सुलतान खाँ, एल. सुब्रमण्यम, लक्ष्मी शंकर यांसारखी माणसे त्यात होती. प्रत्येकजण स्वतंत्र मैफल गाजविणारा. अशांना एका चौकटीत बसविणे हे सोपे काम नव्हे. हॅरिसनने पुढे सांगितल्याप्रमाणे, लंडनहून त्याच्या घरी तालमीला येताना रविशंकर मोटारीतच रचना करीत आणि पोहोचताच वादकांना ती वाटून देत.

२३ सप्टेंबर १९७४ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये या वृंदाचा कार्यक्रम झाला. येथे पाश्चात्त्य वादक नव्हते. मींड, गमक, तिहाई ही सर्वांची मातृभाषा होती. त्याच सुमारास 'शंकर फॅमिली अँड फ्रेंड्स' ही ध्वनिमुद्रिका बाहेर पडली. तिच्या एका बाजूस भजने व गीते, दुसऱ्या बाजूस एका नृत्यनाट्याचे संगीत. तीत संतूर-सरोदाशेजारी विजेची गिटार, सॅक्सोफोन आणि रिंगो स्टारचे ढोल वाजत होते. दुकानदाराने ती तबकडी कोणत्या खणात ठेवावी, हाच प्रश्न पडावा!

नोव्हेंबरात हा वृंद हॅरिसनच्या अमेरिकन दौऱ्यात सामील झाला. प्रचंड क्रीडागृहे, रॉक संगीतासाठी आलेला अधीर तरुण समुदाय आणि मध्ये हे भारतीय संगीत. लोक बीटल्सची जुनी गाणी मागत होते. हॅरिसनचा आवाज बसला होता, त्याची वृत्तपत्रांनी मनसोक्त खिल्ली उडविली. त्या धुरळ्यात भारतीय वृंदाचे काही समीक्षकांनी केलेले कौतुक झाकले गेले. शिकागोत रविशंकरांना हृदयविकाराने गाठले आणि काही कार्यक्रमांत वृंदाला त्यांच्यावाचून उभे राहावे लागले.

यानंतर छत्तीस वर्षांनी, २०१० साली, अल्बर्ट हॉलच्या त्या कार्यक्रमाचे चित्रण आणि या ध्वनिमुद्रिका एका संचात पुन्हा प्रसिद्ध झाल्या. तरुण हरिप्रसादांची बासरी आणि शिवकुमारांचे संतूर एकाच गतीत गुंफलेले तेथे ऐकू येते. हातवारे करीत, डोळ्यांनी खुणावीत रविशंकर त्यांना सांभाळतात. त्याच वर्षी जुलैमध्ये नव्वद वर्षांच्या या कलावंताची पहिली सिंफनी लंडन फिलहार्मोनिकने वाजविली. त्या रात्री सतार अनुष्काच्या हाती होती.