जीपीआयबी अडॅप्टर

जीपीआयबी अडॅप्टर हे प्रयोगशाळेतील मापनयंत्रे संगणकाला जोडणारे उपकरण आहे. अनेक मल्टिमीटर, ऑसिलोस्कोप व संकेतजनक यांच्या मागील बाजूस २४ पिनांचा रुंद कनेक्टर असतो. सर्वसाधारण संगणकाला तो नसतो.

पार्श्वभूमी

ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीने १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात आपल्या यंत्रांसाठी एचपी-आयबी ही बस विकसित केली. १९७५ मध्ये तिला आयट्रिपलई-४८८ या मानकाचे रूप मिळाले. या बसवर संगणकासह जास्तीत जास्त १५ उपकरणे जोडता येतात आणि केबलची एकूण लांबी २० मीटरपर्यंत असू शकते. आठ तारांवरून एका वेळी एक बाइट जातो व सर्वांत मंद ग्राहक-यंत्राने तो स्वीकारल्याशिवाय पुढचा पाठवला जात नाही. त्यामुळे मूळ मानकातील सेकंदाला १ मेगाबाइट ही कमाल मर्यादा जुन्या यंत्रांकडून क्वचितच गाठली जाते. केवळ वेगासाठी महाग अडॅप्टर घेण्यात फारसा अर्थ नसतो.

निवड

संगणकात बसवायचे पीसीआय कार्ड, यूएसबी अडॅप्टर आणि दुसऱ्या खोलीतूनही यंत्र हाताळू देणारे इथरनेट अडॅप्टर असे प्रकार उपलब्ध आहेत. खरा प्रश्न मात्र ड्रायव्हरचा असतो. कार्ड सुस्थितीत असूनही नव्या कार्यप्रणालीसाठी त्याचा ड्रायव्हर मिळत नसेल, तर ते निरुपयोगी ठरते.

यूएसबी अडॅप्टरमध्येही महत्त्वाचा भेद आहे. काही अडॅप्टर व्हिसा या प्रमाणित सॉफ्टवेअर संग्रहामार्फत काम करतात. त्यावर आधारित जुने प्रोग्रॅम सहसा फारसे न बदलता चालतात. सूक्ष्मनियंत्रकावर बेतलेले स्वस्त अडॅप्टर संगणकाला साधे सिरियल पोर्ट म्हणून दिसतात. त्यांना वेगळा ड्रायव्हर बहुधा लागत नाही, पण प्रोग्रॅम नव्याने जुळवावा लागतो. त्यांपैकी ज्यांत बस चालवणारी स्वतंत्र चिप नसते, ते एखाददुसऱ्या यंत्रापुरते ठीक. अनेक यंत्रांचा भार त्यांना पेलत नाही.

आयट्रिपलई-४८८.२ या १९८७ च्या मानकाने संदेशांचे स्वरूप व काही सामाईक आज्ञा निश्चित केल्या. त्यापूर्वीची यंत्रे संदेशाचा शेवट आपापल्या पद्धतीने दर्शवतात: काही विशिष्ट अक्षराने, काही ईओआय या तारेवरील संकेताने. अडॅप्टरमध्ये ही पद्धत बदलण्याची सोय नसेल, तर यंत्राने उत्तर देऊनही संगणक मुदत संपेपर्यंत वाट पाहत राहतो. जुनी यंत्रे असलेल्या प्रयोगशाळेने ही सोय खरेदीपूर्वीच तपासावी. यंत्राला आरएस-२३२, यूएसबी किंवा लॅन जोडणी आधीच असेल, तर अडॅप्टरची गरजही बहुधा भासत नाही.