जीवशास्त्र-शिक्षकाची घडण : साउथ केन्सिंग्टन ते बी.एड. महाविद्यालय

प्रस्तावना

माध्यमिक शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा इतिहास बहुधा आयोग, अहवाल आणि अधिनियम यांच्या क्रमाने लिहिला जातो. अशा इतिहासातील शिक्षक हा एक सर्वसाधारण शिक्षक असतो. तो भूगोल शिकवतो की जीवशास्त्र, याने त्या मांडणीत फारसा फरक पडत नाही. वस्तुतः फरक पडतो. व्याकरण शिकवणाऱ्याला खडू आणि फळा पुरेसा असतो. जीवशास्त्र शिकवणाऱ्याला मात्र वर्गात येताना एखादी फांदी, भिजवलेले वाल, किण्वाची बाटली, सूक्ष्मदर्शक यांपैकी काहीतरी बरोबर आणावे लागते, आणि ते हाताळण्याची सवय त्याच्या हाताला असावी लागते. ही सवय त्याला कोणी आणि केव्हा लावावयाची, या प्रश्नाला दोन परस्परभिन्न उत्तरे दिली गेली. एक उत्तर १८७१ साली लंडनमध्ये दिले गेले, दुसरे १९०४ साली भारत सरकारच्या एका ठरावात. महाराष्ट्रातील जीवशास्त्र-शिक्षकाची घडण मुख्यतः दुसऱ्या उत्तरानुसार झाली. प्रस्तुत लेखात या दोन उत्तरांचा प्रवास आणि त्याचे वर्गातील परिणाम तपासले आहेत.

साउथ केन्सिंग्टन, १८७१

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये विज्ञानाच्या शालेय अध्यापनाला उत्तेजन देण्याचे काम ‘सायन्स अँड आर्ट डिपार्टमेंट’ या सरकारी खात्याकडे होते. विद्यार्थी परीक्षेत जसे यश मिळवतील त्यानुसार शिक्षकाला मानधन, अशी या खात्याची पद्धत होती. पद्धत स्वस्त होती आणि तिचा व्हायचा तोच परिणाम झाला. पुस्तक पाठ करून घेणारा शिक्षक यशस्वी ठरू लागला. टॉमस हेन्री हक्स्ली हे या खात्याचे परीक्षक होते. डार्विनचा कैवारी म्हणून आपल्याकडे ते परिचित आहेत; परंतु १८७० साली लंडनच्या पहिल्या शालेय मंडळावर निवडून आलेले सदस्य आणि शिक्षकांचे शिक्षक ही त्यांची ओळख तुलनेने दुर्लक्षित राहिली. उत्तरपत्रिका तपासताना ज्याचे वर्णन केले आहे ती वस्तू लिहिणाऱ्याने, आणि पुष्कळदा त्याच्या शिक्षकानेही, कधी पाहिलेली नाही हे त्यांच्या ध्यानात येत होते.

१८७१ च्या उन्हाळ्यात हक्स्ली यांनी साउथ केन्सिंग्टन येथे विज्ञान-शिक्षकांसाठी वर्ग घेतला. मायकेल फॉस्टर, रे लँकेस्टर आणि विल्यम रदरफोर्ड हे पुढे नामांकित झालेले तरुण शास्त्रज्ञ तेथे प्रयोगशाळा-साहाय्यक होते. आधी व्याख्यान, आणि त्यानंतर व्याख्यानात सांगितलेली प्रत्येक गोष्ट टेबलावर स्वतः पाहणे, असा दिनक्रम होता. अभ्यासासाठी मोजके सजीव निवडलेले होते : किण्व, अमीबा, नेचे, वालासारखी शेंगवर्गीय वनस्पती, हायड्रा, शिंपल्यातील प्राणी, गोड्या पाण्यातील चिंगाटी आणि शेवटी बेडूक. संपूर्ण सृष्टीचे वर्गीकरण तोंडपाठ करण्याऐवजी थोडे सजीव पूर्णपणे जाणून घ्यावेत, ही त्यामागील भूमिका होती. वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र या दोन विषयांऐवजी ‘जीवशास्त्र’ हा एकच विषय शाळेत असावा, या कल्पनेला अध्यापनक्षम रूप येथे मिळाले. या वर्गाच्या अनुभवावरून हक्स्ली आणि एच. एन. मार्टिन यांनी प्रात्यक्षिकांचे पुस्तक तयार केले. ते १८७५ साली प्रसिद्ध झाले आणि दीर्घकाळ वापरात राहिले.

या पुस्तकाच्या १८८८ च्या सुधारित आवृत्तीत क्रम उलटा करण्यात आला. मूळ आवृत्ती किण्व आणि एकपेशीय सजीवांपासून सुरू होत होती, म्हणजे साध्यापासून गुंतागुंतीच्या सजीवाकडे जात होती. तो क्रम तर्काला धरून होता. पण सूक्ष्मदर्शकात प्रथमच डोकावणाऱ्याला अमीबा ‘साधा’ वाटत नाही. त्याला बेडूक ओळखीचा वाटतो. नव्या आवृत्तीने बेडकापासून आरंभ केला. आपल्या बी.एड.च्या वर्गात ‘ज्ञाताकडून अज्ञाताकडे’ आणि ‘सोप्याकडून कठीणाकडे’ ही अध्यापनसूत्रे एका दमात सांगितली जातात. ती एकमेकांच्या विरोधात जाऊ शकतात, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. येथे तो विरोध प्रत्यक्ष टेबलावर उभा राहिला आणि अनुभवाने सोडवला गेला.

साउथ केन्सिंग्टनच्या या उपक्रमातूनच पुढे ‘नॉर्मल स्कूल ऑफ सायन्स’ ही शिक्षक घडवणारी संस्था उभी राहिली. १८८४ साली तेथे शिष्यवृत्तीवर दाखल झालेल्या प्रशिक्षणार्थींपैकी एक होता एच. जी. वेल्स. कादंबरीकार म्हणून जगाला माहीत होण्यापूर्वी तो जीवशास्त्राचा शिक्षक होता आणि १८९३ साली त्याचे जीवशास्त्राचे पाठ्यपुस्तक निघाले. हक्स्लींच्या हाताखाली शिकलेले आणखी एक नाव मुंबईला जवळचे आहे. पॅट्रिक गेडिस हे मूळचे वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे प्राध्यापक म्हणून आले. त्यांचा येथील लौकिक नगररचनाकार म्हणून झाला. शिक्षक-प्रशिक्षणाशी त्यांचा संबंध जोडला गेला नाही.

१९०४ चे उत्तर

लॉर्ड कर्झन यांच्या कारकिर्दीत १९०४ मध्ये भारत सरकारने शैक्षणिक धोरणाचा ठराव केला. माध्यमिक शिक्षकांसाठी त्यात घातलेली चौकट अशी : पदवीधरांसाठी प्रशिक्षण एक वर्षाचे असावे, त्यात अध्यापनाची तत्त्वे आणि प्रत्यक्ष अध्यापनाचे कौशल्य द्यावे, आणि प्रशिक्षण महाविद्यालयाला सराव शाळा जोडलेली असावी. मुंबईतील सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज १९०६ साली सुरू झाले ते याच वातावरणात.

ठरावामागील गृहीतक उघड आहे. पदवीधराला विषय येतो, त्याला फक्त ‘शिकवणे’ शिकवावयाचे आहे. हक्स्लींचे गृहीतक याच्या नेमके उलट होते. त्यांच्या दृष्टीने शिक्षकाला विषयच हाताने आलेला नव्हता आणि तो आला की शिकवण्याचा मार्ग बराचसा मोकळा होत होता. १९०४ चे गृहीतक भाषा किंवा इतिहास या विषयांच्या बाबतीत कदाचित निभावून गेले असेल. जीवशास्त्राच्या बाबतीत मात्र पदवीच्या प्रयोगशाळेतील काम आणि शाळेतील काम यांत मोठे अंतर होते आणि ते भरून काढण्याची जबाबदारी कोणाचीच नव्हती. विज्ञान महाविद्यालयाच्या दृष्टीने तो शिक्षणशास्त्राचा प्रश्न होता, तर प्रशिक्षण महाविद्यालयाच्या दृष्टीने आशयाचा.

पदवीनंतर एक वर्षाची ही चौकट किती चिवट ठरली, याची कल्पना कालगणनेवरूनच येते. स्वातंत्र्य आले, मुदलियार आयोग (१९५२-५३) झाला, कोठारी आयोग (१९६४-६६) झाला, १९७३ मध्ये सल्लागार स्वरूपात स्थापन झालेल्या राष्ट्रीय शिक्षक शिक्षण परिषदेला १९९३ च्या कायद्याने वैधानिक दर्जा मिळाला, तरीही बी.एड. एक वर्षाचेच राहिले. ते दोन वर्षांचे झाले २०१४ च्या विनियमांनुसार, २०१५ पासून. म्हणजे चौकट शतकाहून अधिक काळ टिकली.

अमेरिकेचा वळसा

जीवशास्त्र ‘ज्याला वेळ असेल त्याने’ शिकवावे, ही प्रथा केवळ आपल्याकडची नाही. १९२५ मध्ये टेनेसी राज्यातील डेटन येथे उत्क्रांती शिकवल्याबद्दल ज्याच्यावर खटला भरला गेला तो जॉन स्कोप्स जीवशास्त्राचा नियमित शिक्षक नव्हता. तो गणित व भौतिकी शिकवत असे, फुटबॉल संघाचा प्रशिक्षक होता आणि जीवशास्त्राचा तास बदली म्हणून घेत होता. विसाव्या शतकातील सर्वांत गाजलेला जीवशास्त्र-शिक्षक हा असा बदली शिक्षक होता.

१९५७ मध्ये रशियाने स्पुटनिक सोडल्यानंतर अमेरिकेत शालेय विज्ञानाची फेरमांडणी सुरू झाली. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या, कोलोरॅडोत केंद्र असलेल्या जीवविज्ञान अभ्यासक्रम गटाने निळी, हिरवी आणि पिवळी अशी तीन पाठ्यपुस्तके काढली. पहिल्यात रेणवीय, दुसऱ्यात परिस्थितिकीय आणि तिसऱ्यात पेशी व विकास यांवर आधारलेली मांडणी होती. जोसेफ श्वाब यांनी शिक्षकांसाठी हस्तपुस्तिका सिद्ध केली. शिक्षकाने निष्कर्ष न सांगता पुरावा समोर ठेवून विद्यार्थ्यांना विचार करावयास लावावे, असे पाठ तीत होते. या मोहिमेची लाट भारतातही पोहोचली. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९६३ पासून अमेरिकेच्या साहाय्याने विज्ञान-शिक्षकांसाठी उन्हाळी संस्था चालवल्या. त्यांत विद्यापीठातील प्राध्यापक आणि शालेय शिक्षक एकत्र आले, ही त्यांची जमेची बाजू. सुटी संपल्यावर शिक्षक ज्या शाळेत परतत त्या शाळेत मात्र पाठ्यपुस्तक, परीक्षा आणि रिकामे कपाट तेच असे.

भोपाळ आणि होशंगाबाद

१९६३ पासून राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेने अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर आणि म्हैसूर येथे प्रादेशिक शिक्षण महाविद्यालये उभारली. उच्च माध्यमिक परीक्षेनंतरचा चार वर्षांचा एकात्मिक बी.एस्सी.-बी.एड. अभ्यासक्रम हे त्यांचे वैशिष्ट्य. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र आणि अध्यापन एकाच इमारतीत, एकाच वेळी शिकण्याची सोय येथे झाली. पश्चिम विभागातील महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश व गोवा यांसाठी भोपाळचे महाविद्यालय होते. कोठारी आयोगाने शिक्षक-प्रशिक्षण संस्थांच्या तिहेरी एकाकीपणावर बोट ठेवले होते : विद्यापीठापासून, शाळांपासून आणि परस्परांपासून. प्रादेशिक महाविद्यालये हा त्यावरील उपाय ठरू शकत होता. पण चार संस्था देशाच्या गरजेच्या मानाने नमुन्यादाखलच राहिल्या. महाराष्ट्रातील बहुसंख्य शिक्षक १९०४ च्या वाटेनेच येत राहिले.

हक्स्लींच्या पद्धतीचा खरा भारतीय वारस प्रशिक्षण महाविद्यालयांच्या बाहेर सापडतो. १९७२ मध्ये किशोर भारती आणि रसुलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यातील सोळा शाळांत विज्ञान-शिक्षणाचा कार्यक्रम सुरू केला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील व दिल्ली विद्यापीठातील शास्त्रज्ञ त्यात सहभागी होते. सहावी ते आठवीच्या शिक्षकांची शिबिरे उन्हाळ्यात भरत आणि तेथे शिक्षक विद्यार्थ्यांप्रमाणे गटात बसून प्रत्येक प्रयोग स्वतः करत. फुले तोडून पाकळ्या मोजणे, बियांना मोड आणणे, शेतातील किडीचे जीवनचक्र पाहणे ही त्यांच्या पाठांची सामग्री होती. १९८२ पासून ‘एकलव्य’ संस्थेने हे काम पुढे नेले आणि २००२ मध्ये राज्य शासनाने ते बंद केले. मुंबईत १९७४ मध्ये सुरू झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने सत्तरच्या दशकात जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरातील ग्रामीण शाळांत केलेले कामही याच जातीचे. या दोन्ही प्रयत्नांत शिक्षकाला आधी सेवेत घेतले गेले आणि मग शिकवले गेले. सेवापूर्व प्रशिक्षणाने जे दिले नव्हते ते भरून काढण्याचा हा खटाटोप होता.

पाठटाचण आणि पंचपदी

महाराष्ट्रातील बी.एड.चे छात्राध्यापक पिढ्यान्‌पिढ्या जे शिकले ते होते पाठटाचण. हर्बार्टच्या पंचपदीचा साचा, डावीकडे विषयविवेचन, उजवीकडे फलकलेखन, शेवटी गृहपाठ. साठच्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात निघालेले सूक्ष्माध्यापन पुढे त्यात मिळाले. प्रश्न विचारणे, उद्दीपक बदलणे, दाखले देणे अशी कौशल्ये सुटी करून काही मिनिटांच्या पाठांत घोटवली जाऊ लागली. या साच्याची सर्रास टवाळी करणे अन्यायाचे होईल. तासाला आरंभ आणि शेवट असतो एवढी जाणीव तरी तो नवख्याला देतो. परंतु हृदयाची रचना शिकवणारे पाठटाचण आणि पानिपतची लढाई शिकवणारे पाठटाचण यांचा सांगाडा एकच असतो. निरीक्षक गुण देतात ते आवाज, फलकावरील अक्षर आणि तक्त्याचा आकार पाहून. बकऱ्याचे हृदय खाटकाकडून आणून वर्गात उघडून दाखवणाऱ्या छात्राध्यापकासाठी गुणपत्रकात वेगळा रकाना नसतो.

‘आशययुक्त अध्यापन पद्धती’ या नावाने अभ्यासक्रमात जे आले ते १९०४ च्या गृहीतकाला दिलेले पहिले औपचारिक आव्हान होते. पदवीधराला शालेय आशयाचीही फेरओळख हवी, हे त्यात मान्य केले गेले. व्यवहारात त्याची परिणती बहुतांशी पाठ्यपुस्तकाच्या आशय-विश्लेषणाचे तक्ते भरण्यात झाली.

दुसरी अडचण विषयाच्या सीमारेषेची आहे. राज्यात माध्यमिक स्तरावर ‘विज्ञान’ हा एक विषय आहे. दहावीसाठी २०१८ पासून ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’ दोन भागांत छापले गेले. दहावीच्या दुसऱ्या भागाचा आरंभच आनुवंशिकता व उत्क्रांती या प्रकरणाने होतो. शाळेत विज्ञानाचा शिक्षक एकच असेल तर भौतिकी-गणित घेऊन पदवीधर झालेल्याला ते शिकवावे लागते, आणि वनस्पतिशास्त्राच्या पदवीधराला विद्युतधारेचे परिणाम. स्कोप्सचे डेटन अशा शाळांपासून फार दूर नाही.

उरलेल्या प्रकरणांपैकी प्रजननाचे प्रकरण ‘घरी वाचा’ म्हणून सोडण्याची प्रथा सर्वपरिचित आहे. तो शिक्षकाचा भित्रेपणा म्हणून सोडून देता येणार नाही. हा पाठ तेरा-चौदा वर्षांच्या मुलामुलींच्या एकत्र वर्गात कसा घ्यावा, याचा सराव त्याला कधी दिला गेलेला नसतो. सराव पाठांसाठी शाळा ‘सोयीचे’ घटक देतात आणि हा घटक सोयीचा नसतो. २००७ मध्ये राज्याने शाळांतील लैंगिक शिक्षणाच्या कार्यक्रमावर बंदी घातली, तेव्हा शिक्षकाच्या मौनाला शासकीय मान्यताच मिळाली. त्याची किंमत वर्गातील मुलींनी अधिक मोजली.

बेडूक गेल्यानंतर

पदवी स्तरावरील प्राणिविच्छेदन कमी करण्याविषयी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या आणि २०१४ मध्ये ते थांबवण्याचे आदेश दिले. निर्णय योग्य होता. भारतीय बेडकांची प्रयोगशाळा आणि निर्यात यांसाठी झालेली लूट लक्षात घेता उशिराचाही होता. बेडकांच्या तंगड्यांची निर्यात १९८७ मध्येच बंद झाली होती. पण विच्छेदनाच्या तासांच्या जागी काय आले, हे पाहिले पाहिजे. अनेक ठिकाणी संगणकावरील चित्रफीत आली. ओढ्याकाठी बसून बेडकाची अंडी ते पिल्लू असा प्रवास पाहणे, परिसरातील वनस्पतींची नोंदवही ठेवणे हे हक्स्लींच्या टेबलाइतकेच कसाचे काम होते. त्याला चिमटा आणि सुरी लागत नाही, वेळ मात्र लागतो, आणि वेळापत्रकात तो वेळ कोठेही धरलेला नाही.

२०१५ नंतरच्या दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये छात्रसेवाकाल किमान वीस आठवड्यांचा झाला. म्हणजे तत्त्वतः छात्राध्यापकाला एखादे रोप पेरण्यापासून फुलोऱ्यापर्यंत एकाच वर्गाबरोबर पाहता येईल. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने चार वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमाचा आग्रह धरला आणि २०२३-२४ पासून देशातील ५७ संस्थांत तो प्रायोगिक स्वरूपात सुरू झाला. तो बहुविद्याशाखीय संस्थांतच चालावा अशी अपेक्षा आहे. भोपाळमध्ये साठ वर्षांपूर्वी जे चार संस्थांपुरते होते, ते आता वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्राचे विभाग असलेल्या सर्वसाधारण महाविद्यालयांच्या दारात येत आहे. या विभागांतील अध्यापकांना शालेय आठवीच्या वर्गातील सराव पाठाला बसावे लागेल, त्या पाठातील आशयाच्या चुका टिपाव्या लागतील आणि प्रयोगशाळेतील साहित्य शाळेत जाऊ द्यावे लागेल. या कामाचा कार्यभार तासांत कसा मोजावयाचा आणि पदोन्नतीच्या गुणांकनात तो कोठे नोंदवावयाचा, हे प्रत्येक विद्यापीठाला आपापल्या नियमांत लिहून घ्यावे लागेल.