खऱ्या वाघांच्या मुलखातून

देवरीच्या चौकात उभे राहा. रायपूरकडे जाणारे ट्रक जाऊ द्या, तुम्हाला उलट्या दिशेला, नागपूरला जायचं आहे, आणि तेही डिसेंबर 1912 मध्ये. रस्ता हाच, पण डांबर गेलं, धाबे गेले. गोंदिया जिल्हा 1 मे 1999 ला होईल. आज तुमचं गाव भंडारा जिल्ह्यात, मध्य प्रांतात आहे. धान कापून झालंय. बांध्यांमध्ये नुसती धसकटं. रेंगीत बसून तुम्ही आमगाव गाठता आणि तिथून बंगाल-नागपूर रेल्वेच्या तिसऱ्या वर्गात गुडघे पोटाशी घेऊन बसता. शेजारच्या म्हातारीच्या टोपलीत कोंबडा आहे. तो रात्रभर झोपत नाही, तुम्हालाही झोपू देत नाही.

नागपूरला उतरता तेव्हा थंडी हाडात शिरलेली असते. मोहरमची दहावी यंदा हिवाळ्यात आली आहे. चांद्र वर्ष 354 दिवसांचं, आणि आपल्यासारखा अधिक महिना धरून ते सावरून घ्यायची रीत तिथं नाही. त्यामुळे मोहरम दर साली दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, कधी भर पावसात येतो, कधी वैशाखाच्या उन्हात. संत्र्यांच्या ढिगांवरून, विड्यांच्या धुरातून, ताशांचा आवाज येतो तिकडे तुम्ही निघता. पत्ता विचारायची गरज पडत नाही. सगळं शहरच तिकडे चाललेलं असतं.

एका गल्लीत ओसरीवर एक पोरगा उभा आहे. बारा-तेरा वर्षांचा, अंगावर फक्त लंगोट. त्याला वाघ करायचं काम चाललंय. पिवळा रंग आधीच चढलाय, आता काजळीचे पट्टे. पण थंडीनं त्याच्या अंगावर काटा आलाय आणि काट्यावर पट्टा सरळ ओढता येत नाही. रंगवणारा म्हातारा वैतागतो, शेगडीवर तळवे शेकतो, पोराच्या पाठीवर दाबून धरतो. काटा बसतो. तेवढ्यात तो झर्रकन एक पट्टा ओढून घेतो. पुन्हा शेगडी, पुन्हा तळवे. एकेका पट्ट्याला एवढा खटाटोप, आणि अजून पाय तसेच राहिलेत.

बाजूला पोराची आई बसली आहे. लुगड्याचा काष्टा, कपाळावर ठसठशीत कुंकू. पोरगं तापानं फणफणलं होतं तेव्हा तिनं नवस बोलला होता, जगलं तर तीन साल मोहरमात वाघ होईल. हे दुसरं साल. कुणाच्या सणात कुणाचा नवस, असा प्रश्न तुमच्या ओठांवर येतो, पण या ओसरीवर तो विचारायचं कुणाला सुचलेलं नाही. म्हणून तुम्हीही गिळून टाकता.

“कुठून आला गा?” म्हातारा विचारतो.

“देवरीहून.”

“वाघ पाहाले इतक्या दूर? तुमच्याकडं त खरेच हायेत!”

ओसरी हसते. बोलायला तुमच्यापाशी काही नसतं, कारण म्हातारा खरंच बोललाय. नागझिरा, नवेगाव तुमच्या अंगणासारखे.

खरं तर याला सण म्हणणंच चूक. सन 680 मध्ये करबलाच्या वाळूत इमाम हुसेन आपल्या मूठभर माणसांसह मारले गेले. त्याआधी त्यांचं पाणी तोडलं होतं. त्याचा हा शोक. इथं रस्तोरस्ती सरबताचे माठ मांडलेत ते त्या तहानेच्या आठवणीनं, आणि डिसेंबरातही कुणी ‘थंड आहे’ म्हणून पेला परत करत नाही. मग शोकात वाघ कुठून आला? हुसेनचे वडील अली. त्यांना असदुल्ला म्हणत, अल्लाचा सिंह. सिंह म्हणजे शेर, पण आपल्याकडे शेर म्हटलं की वाघही त्यात येतो. नागपूरच्या रंगाऱ्यानं सिंह कधी पाहिलेलाच नाही. त्यानं त्याला माहीत होता तो शेर रंगवला. मला स्वतःला ही चूक फार आवडते.

मिरवणूक वळणावर येते. पुढे ताशे, मग बांबूच्या कामट्यांचे, रंगीत कागद आणि बेगड लावलेले ताबूत, माणसांच्या खांद्यांवर डुलत. हिरव्या कपड्यांतली फकीर झालेली लहान पोरं, गळ्यात लाल-हिरवा नाडा. आणि तुमचा वाघ. कमरेला दोरी, ती एका धिप्पाड माणसाच्या हातात. मागे वेताची शेपटी. कुणी पैसा जमिनीवर टाकतो, वाघ चारी पायांवर येऊन तो दातांनी उचलतो. ताशाची लय चढते. लोक मागे सरतात, पोरं किंचाळतात. तुम्हीही एक पाऊल मागे सरता, आणि त्याची लाज वाटते.

पुण्यात हे मोडलं आहे. तिथं हिंदूंनी 1894 पासून मोहरमकडे पाठ फिरवली. इथंही अकरा वर्षांनी, 1923 मध्ये, मशिदीपुढे वाजवण्यावरून भांडण पेटेल, दिंड्या निघतील. हाच ताशा तेव्हा कुणाचा, हे विचारलं जाईल. गर्दीत हे फक्त तुम्हाला ठाऊक आहे. सांगावंसं वाटतं, पण कुणाला? ताशेवाल्याला? त्याच्या बोटांतून रक्त येतंय आणि तो थांबायला तयार नाही.

ताबूत थंडे करायला पाण्याकडे जातात. तुम्ही मात्र त्या ओसरीवर परत येता. पोरगा पाटावर बसलाय, आई तेल चोळून रंग काढते आहे. पाठ निघाली. कानामागचा पिवळा काही केल्या निघत नाही. ती पदराचं टोक ओलं करून घासते, तो मान वाकडी करून ओरडतो. मग तुमच्याकडे बघतो.

“तू पाह्यला का गा, खरा वाघ?”

“पावलं पाहिली. फक्त पावलं.”

तो तुमच्याकडे जरा वेळ बघत राहतो आणि मान पुन्हा आईच्या हातात देतो.