ऑन्टॉलॉजींची जुळणी आणि कॅटेगरी-सिद्धान्त

सॅम्युएल आयलेनबर्ग व सॉन्डर्स मॅक लेन यांनी १९४५ मध्ये कॅटेगरी-सिद्धान्त मांडला, तेव्हा त्यांचे प्रयोजन मर्यादित होते. गणितातील काही रूपांतरांना ‘स्वाभाविक’ कशामुळे म्हणावे, याचा काटेकोर अर्थ त्यांना हवा होता. ‘कॅटेगरी’ हा शब्द मात्र त्यांनी ॲरिस्टॉटल व कान्ट यांच्याकडून घेतला. तो पुढे पदार्थांच्या वर्गीकरणाकडेच परतावा, हा योगायोग मोठा मौजेचा आहे.

हा परतीचा प्रवास संगणकशास्त्रातून झाला. रॉड बर्स्टल व जोसेफ गोगेन यांनी १९७७ मध्ये असे दाखविले की, लहान लहान सिद्धान्त एकत्र जोडून मोठे विनिर्देश रचता येतात, आणि या जोडणीचे गणिती रूप म्हणजे कोलिमिट होय. एकाच तर्कपद्धतीचे बंधन पुढे त्यांच्या ‘इन्स्टिट्यूशन’ या संकल्पनेने दूर केले. रॉबर्ट केंट यांनी २००० नंतरच्या वर्षांत हेच साहित्य ऑन्टॉलॉजींच्या, म्हणजे एखाद्या क्षेत्रातील संकल्पनांच्या औपचारिक मांडणीच्या, एकीकरणास लावले.

या पद्धतीची शक्ती व मर्यादा एकाच उदाहरणात दिसतात. एका सूचीत ‘ग्रंथ’ म्हणजे कृती. तिच्या अनेक प्रती असू शकतात. दुसऱ्या सूचीत ‘ग्रंथ’ म्हणजे हातात धरावयाची प्रत. ती एकाच फडताळात असते. शब्दसाम्यावर विसंबून दोन्ही ‘ग्रंथ’ एक मानले, तर कोलिमिट निमूटपणे सांगेल की, एका कृतीच्या सर्व प्रती एकाच फडताळात आहेत. गणित निर्दोष, निष्कर्ष खोटा! पहिल्या सूचीतील ‘प्रत’ व दुसरीतील ‘ग्रंथ’ यांना समान भाग ठरविला की, तेच गणित योग्य उत्तर देते. समान भाग कोणता, हे सिद्धान्त सांगत नाही. ते विषयज्ञानेच ठरवावे लागते.

म्हणून एकीकरणाचा ‘पाया’ हा शब्द येथे जपूनच वापरावा, असे मला वाटते. सिद्धान्ताचे खरे कार्य वेगळे आहे : जुळणीमागील प्रत्येक निर्णय बाणाच्या रूपाने नोंदला जातो, आणि त्यावर बोट ठेवता येते. ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुपने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘डीओएल’ या मानकभाषेत ऑन्टॉलॉजींबरोबरच त्यांमधील असे दुवेही लिहिण्याची सोय आहे, आणि त्यांवरून होणाऱ्या संयोगाचा अर्थ कोलिमिटनेच दिला आहे.