हलशीचे ताम्रपट

बेळगाव जिल्ह्यातील हलशी ही कदंबांची पलाशिका. मृगेशवर्म्याने पित्याच्या स्मरणार्थ येथे जिनालय बांधले, हे कळते ते येथे सापडलेल्या ताम्रपटांवरून. मुलकी अधिकारी जॉन फ्लीट यांनी ते प्रथम मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. विषय तेथेच संपला असता. परंतु 1877 मध्ये त्यांनी तेच लेख ‘इंडियन अँटिक्वरी’त पुन्हा संपादून दिले. पाठ आणि भाषांतर दोन्ही वाचकापुढे. ज्याला वाचन पटणार नाही त्याने ते खुशाल खोडून काढावे. स्वतःच्याच छापील मजकुरावर पुन्हा हात फिरविणे विद्वानांना सहसा रुचत नाही. सीमाभागात मराठी-कानडीच्या वादात जुन्या लेखांचे दाखले हिरिरीने दिले जातात. हे ताम्रपट मात्र संस्कृतात आहेत!

जमिनीवर हक्क सांगण्यासाठी मागाहून कोरलेली बनावट दानपत्रेही पुष्कळ. अक्षरांचे वळण किंवा न जुळणारी तिथी त्यांचे बिंग फोडते. अशा पटांवर फ्लीट यांनी 1901 मध्ये त्याच मासिकात विस्तृत लेख लिहिला. म्हैसूरकडील गंग राजांचे आरंभीचे ताम्रपट तर त्यांनी सरसकट खोटे ठरविले होते. पुढे पेनुकोंड्याचा गंग ताम्रपट उजेडात आला. तो अस्सल असल्याचे फ्लीट यांनीच 1915 मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात लिहिले.