टॉर्क म्हणजे नेमकं काय? पान्यापासून उसाच्या ट्रॉलीपर्यंत

बेळगाव : गळीत हंगाम सुरू झाला की उसाची ट्रॉली उलटल्याची बातमी आमच्या भागात ठरलेली. कारणही एका ओळीत ठरलेलं, ‘क्षमतेपेक्षा जास्त ऊस भरल्याने’. पण नुसतं वजन जास्त झालं की गाडी उलटते का? तसं असतं तर सपाट मैदानात उभी असलेली भरलेली ट्रॉलीही आडवी झाली असती. याचं खरं उत्तर अकरावीच्या भौतिकशास्त्रात आहे, आणि नेमका तोच भाग सीमाभागातल्या बऱ्याच मुलांना अवघड जातो. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढे पीयूसी सायन्स इंग्रजीतून. ‘टॉर्क’ हा शब्द पहिल्यांदा कानावर पडतो तेव्हा त्यामागचं मराठी सांगायला वर्गात कोणी नसतं.

आधी नावांचा घोळ मिटवू. बल एखाद्या वस्तूला जितकं फिरवू पाहतं, त्या परिणामाला मराठीत बलाचं आघूर्ण किंवा बलाघूर्ण म्हणतात. मराठी विश्वकोशात ‘परिबल’ हा शब्द भेटेल. इंदूर-ग्वाल्हेरकडे हिंदी माध्यमाच्या पुस्तकात ‘बल आघूर्ण’ लिहिलेलं असतं, तर बडोद्यातल्या गुजराती माध्यमाच्या मुलांना तीच गोष्ट ‘चाकमात्रा’ या नावाने माहीत असते. बेळगावात, गोव्यात आणि हैदराबादेत इंग्रजीतून शिकणाऱ्यांसाठी टॉर्क किंवा मोमेंट. नावं पाच, गोष्ट एकच. कर्नाटकात पीयूसीला एनसीईआरटीचं पुस्तक आहे, त्यात हा भाग कणसंहती आणि घूर्णन गतीच्या प्रकरणात येतो. महाराष्ट्र बोर्डाने तो अकरावीच्या गतीच्या नियमांत सुरू करून बारावीच्या पहिल्याच प्रकरणात पुढे नेला आहे.

आता मूळ कल्पना. जात्याचा खुंटा कडेला का असतो? मधल्या मेखेजवळ बसवला असता तर दळणारीचे खांदे भरून आले असते आणि जातं जागचं हललं नसतं. दाराची कडीही बिजागरीपासून सगळ्यात लांबच्या टोकाला असते. बैलावर चालणाऱ्या जुन्या उसाच्या चरकाला लांबलचक लाकूड बांधत, तेही याचसाठी. म्हणजे फिरवण्यासाठी जोर किती लावला एवढं पुरत नाही, तो आसापासून किती लांब लावला हेही तितकंच महत्त्वाचं. दोन्हींचा गुणाकार म्हणजे आघूर्ण.

आघूर्ण = बल × आसापासून बलाच्या रेषेपर्यंतचं लंब अंतर

यातला ‘लंब’ हा शब्द विसरला की गुण गेले. पाव मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला २०० न्यूटन जोर काटकोनात लावला तर आघूर्ण ५० न्यूटन-मीटर होतं. तोच जोर पान्याशी ३० अंशांचा कोन करून तिरका लावला तर साईन ३० म्हणजे अर्धा, त्यामुळे हाती येतात फक्त २५. आणि पान्याच्याच रेषेत, नटाच्या दिशेने ढकलत राहिलात तर घाम निघेल पण आघूर्ण शून्य. लहान कारच्या चाकाचे नट साधारण १०० न्यूटन-मीटरच्या आसपास आवळलेले असतात. म्हणून ते सुटेनात की गॅरेजवाला पान्याला पाइप लावतो. लांबी पाऊण मीटर झाली की त्याच २०० न्यूटनांत १५० न्यूटन-मीटर मिळतात. सोडवताना हे ठीक, पण आवळताना पाइप वापरला तर बोल्ट तुटू शकतो.

एकक न्यूटन-मीटर. कार्याचं एककही न्यूटन गुणिले मीटरच, पण त्याला ज्यूल म्हणतात. आघूर्णाला ज्यूल लिहायचं नाही. कार्यात अंतर बलाच्या दिशेने मोजतात, आघूर्णात बलाला काटकोनात. शिवाय आघूर्ण सदिश आहे. उजव्या हाताची बोटं फिरण्याच्या दिशेने वळवली की अंगठा दाखवतो ती त्याची दिशा. शाळेच्या गणितात घड्याळाच्या उलट फिरवणारं धन आणि घड्याळाच्या दिशेने फिरवणारं ऋण एवढं पाळलं तरी बहुतेक काम भागतं.

मी कॉमर्सचा असल्यामुळे मला यातलं सगळ्यात पटलेलं उदाहरण तराजूचं. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात आर्किमिडीजने तरफेचा नियम मांडला : दोन्ही बाजूंचं वजन गुणिले अंतर सारखं झालं की दांडी आडवी राहते. आता एखाद्या तराजूची एक भुजा ४९ सेंटिमीटर आणि दुसरी ५१ आहे असं धरा, पारडी रिकामी असताना दांडी बरोबर आडवी. लांब भुजेकडे माल आणि आखूड भुजेकडे किलोचं वजन ठेवलं तर माल भरतो ९६१ ग्रॅम. पारडी बदलली तर १०४१ ग्रॅम. एखादा भला दुकानदार म्हणेल, एक किलो इकडून तोलू, एक किलो तिकडून, हिशेब बरोबर होईल. होत नाही. बेरीज २००२ ग्रॅमच्या आसपास जाते, म्हणजे थोडा तोटा दुकानदारालाच. खरं वजन काढायचं तर एकच माल दोन्ही पारड्यांत तोलून आलेल्या आकड्यांचा गुणाकार करायचा आणि त्याचं वर्गमूळ घ्यायचं. सरासरी नाही.

वस्तू स्थिर राहण्यासाठी दोन अटी आहेत. सगळ्या बलांची बेरीज शून्य हवी आणि कोणत्याही बिंदूभोवती सगळ्या आघूर्णांची बेरीजही शून्य हवी. मुलं पहिली पाळतात आणि दुसरी विसरतात. दोघांनी दोन मीटरच्या वेळूवर ६० किलोचं ओझं उचललं आणि ते पुढच्या माणसापासून अर्ध्या मीटरवर टांगलं. पुढच्याच्या खांद्याभोवती आघूर्णं घेतली तर ६० × ०.५ बरोबर मागच्याचा भार × २. मागच्याच्या वाट्याला १५ किलो, पुढच्याच्या वाट्याला ४५. इथे युक्ती एकच : जे बल माहीत नाही त्याच बिंदूभोवती आघूर्णं घ्यायची, म्हणजे ते बल समीकरणातून आपोआप गळतं. गणितात वेळूचं वजन दिलं असेल तर ते त्याच्या मध्यावर धरायला विसरू नये.

बैलगाडीवाल्यांना हे पुस्तकाशिवाय माहीत होतं. माल आखाच्या मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं. पुढे जास्त झाला तर बैलांच्या मानेवर भार येतो. चढ लागला की गुरुत्वमध्य आखाच्या मागे जातो, म्हणून गाडीवान पुढे सरकून बसतो.

बलयुग्माचं थोडक्यात. सारखी, समांतर आणि उलट दिशेची दोन बलं एका रेषेत नसतील तर ती वस्तूला सरकवत नाहीत, फक्त फिरवतात. पाण्याचा नळ, बरणीचं झाकण, दोन हातांनी धरलेलं स्टिअरिंग ही घरची उदाहरणं. ४० सेंटिमीटर व्यासाच्या स्टिअरिंगवर दोन्ही हातांनी २०-२० न्यूटन लावले तर आघूर्ण २० × ०.४, म्हणजे ८ न्यूटन-मीटर. विशेष हे की बलयुग्माचं आघूर्ण कुठल्याही बिंदूभोवती मोजा, उत्तर तेच येतं. फ्रेंच गणिती लुई प्वँसो याने १८०३ मध्ये स्थितिशास्त्रावरच्या पुस्तकात ही कल्पना मांडली.

आता ट्रॉली. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. दोन्ही बाजूंच्या चाकांमधलं अंतर १.६ मीटर, भरलेल्या ट्रॉलीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून १.६ मीटर उंच. वळणावर गाडीसोबत राहून पाहिलं तर अपकेंद्री बल तिला बाहेरच्या चाकाभोवती उलटवू पाहतं, आणि या आघूर्णातलं अंतर म्हणजे गुरुत्वमध्याची उंची. वजन तिला खाली धरून ठेवतं, तिथलं अंतर म्हणजे चाकांमधलं निम्मं अंतर, ०.८ मीटर. समीकरण मांडलं की दोन्हीकडचं वस्तुमान कटतं. म्हणजे ट्रॉलीत पाच टन आहेत की दहा, याला इथे किंमत नाही. किंमत आहे उंचीला. २० मीटर त्रिज्येच्या वळणावर उलटण्याची मर्यादा येते ताशी सुमारे ३६ किलोमीटर. त्याच ट्रॉलीवर मोळ्यांचे आणखी थर चढवून गुरुत्वमध्य २ मीटरवर नेला तर मर्यादा ३२ वर येते.

चार किलोमीटरचा फरक किरकोळ वाटेल. पण हा हिशेब सपाट रस्त्याचा आहे. उभ्या ट्रॉलीला एका बाजूला कलवत नेलं तर पहिली २६ ते २७ अंशांवर उलटते, दुसरी २२ अंशांच्या आतच. एका बाजूची चाकं साइडपट्टीवरून खाली उतरली किंवा खड्ड्यात गेली की यातले बरेच अंश तिथेच खर्च होतात. टायर दबतात, ऊस एका अंगाला सरकतो, गुरुत्वमध्य आणखी बाहेर जातो. मग वळणावर वेग २० असला तरी पुरतो.

ट्रॅक्टरचं पुढचं चाक उचललं जाणं हा याचाच भाऊबंद. इथे आघूर्णं मागचं चाक जमिनीला टेकतं त्या बिंदूभोवती घ्यायची. २००० किलोच्या ट्रॅक्टरचा गुरुत्वमध्य मागच्या आखापासून ०.७ मीटर पुढे असेल तर नाक खाली दाबून ठेवणारं आघूर्ण १३,७२० न्यूटन-मीटर. मागे ट्रॉलीची ओढ हुकाच्या उंचीवर लागते आणि नाक वर उचलू पाहते. हुक अर्ध्या मीटरवर असेल तर त्यासाठी २७,००० न्यूटनांहून जास्त ओढ लागेल, त्याआधी चाकंच जागेवर घसरतील. हुकाऐवजी साखळी वर, ०.९ मीटरवर बांधली तर सुमारे १५,००० न्यूटन पुरतात, आणि एवढी ओढ चढावर, चिखलात रुतलेली ट्रॉली काढताना सहज येते. त्यात चढामुळे ते ०.७ मीटर आणखी कमी झालेलं असतं. नाक एकदा उचललं गेलं की ते अंतर क्षणाक्षणाला घटत जातं, त्यामुळे क्लच दाबायलाही चालकाला फारसा वेळ मिळत नाही. पुढच्या बंपरला लोखंडी वजनं लावतात ती हे अंतर वाढवण्यासाठी. रुतलेली ट्रॉली काढताना साखळी मात्र खालच्या हुकालाच अडकवावी लागते, आखाच्या वर कधीच नाही.