सहा महिन्यांनी पुन्हा या

स्तनाच्या तपासणीच्या कागदावर कधी कधी असा शेरा येतो : ‘बहुधा निरुपद्रवी, सहा महिन्यांनी पुन्हा फोटो काढावा.’ हा शेरा वाचून घरातली माणसे दोन तऱ्हांनी चुकतात. कुणी घाबरतात, गाठ आहे म्हणता, मग काढून का टाकीत नाही? कुणी निर्धास्त होतात. निरुपद्रवी आहे ना, मग पुन्हा जायचे कशाला? वाचकहो, या शेऱ्यामागे मोठा इतिहास आहे. तो कळला म्हणजे दोन्ही चुका टळतील.

राँटगेन यांनी १८९५ साली क्ष-किरणांचा शोध लावला. १९१३ साली बर्लिनचे शस्त्रवैद्य आल्बर्ट सालोमोन यांनी शस्त्रक्रियेने काढलेल्या सुमारे ३,००० स्तनांचे क्ष-किरण फोटो तपासले. कर्करोगाची गाठ आणि साधी गाठ फोटोत निराळी दिसते, हे त्यांच्या ध्यानात आले. पुढे उरुग्वेचे राऊल लेबोर्ने यांनी स्तन दाबून धरून फोटो काढण्यावर भर दिला आणि चुन्याच्या बारीक कणांचे महत्त्व दाखविले. १९६० साली ह्यूस्टनच्या रॉबर्ट ईगन यांनी ही पद्धत कुणालाही शिकता येईल अशी बसवली. १९६३ साली न्यूयॉर्कमध्ये सुमारे ६२,००० स्त्रियांचे दोन गट करून मोठा प्रयोग सुरू झाला. ज्या गटाला तपासणीस बोलावले, त्यात या रोगाने होणारे मृत्यू कमी आढळले.

झाले! तपासणीचा प्रसार झाला, आणि त्याबरोबर नवीच अडचण उभी राहिली. हाताला न लागणाऱ्या बारीकसारीक गोष्टी फोटोत दिसू लागल्या. गुळगुळीत कडेची लहान गाठ, गोल कणांचा एखादा पुंजका. यांचे करायचे काय? शंका आली की चिरून पाहा, असा रिवाज होता. काढलेल्या पुष्कळ गाठी साध्याच निघत. पण बाईच्या वाट्याला भूल, जखम, खर्च आणि काळजी ही यायचीच.

सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉ. एडवर्ड सिकल्स यांनी दुसरी वाट धरली. पूर्ण तपासणीअंती जे ‘बहुधा निरुपद्रवी’ वाटले, ते न कापता ठरावीक मुदतीने त्याचे फोटो काढीत राहावयाचे. १९९१ साली त्यांनी ३,१८४ प्रकरणांचा हिशेब मांडला. त्यांत कर्करोग निघाला अवघ्या १७ ठिकाणी, म्हणजे शेकडा अर्धा. त्या १७ पैकी १५ गाठी हाताला लागण्यापूर्वीच, फोटोतील बदलावरून, ओळखू आल्या. थांबल्यामुळे रोग हाताबाहेर गेला, असे झाले नाही.

१९९३ साली अमेरिकेतील क्ष-किरणतज्ज्ञांच्या संस्थेने ‘बाय-रॅड्स’ नावाची वर्गवारी छापली. तिच्यातला तिसरा वर्ग तो हाच. कर्करोगाची शक्यता शेकडा दोनांहून जास्त नाही, असा त्याचा अर्थ. रीत अशी की सहा महिन्यांनी, मग वर्षाने, मग दोन वर्षांनी फोटो काढावयाचा. दोन-तीन वर्षांत काही बदलले नाही, तर गाठ निरुपद्रवी धरतात. वाढली, कडा बिघडल्या, तर लगेच सुईने तुकडा काढून तपासतात.

म्हणाल, पहिली खेप चुकवली तर काय बिघडले? २०२० साली अमेरिकेत ४५ हजारांहून अधिक स्त्रियांच्या नोंदी तपासल्या गेल्या. त्यांत शेकडा दोनांच्या किंचित आत कर्करोग निघाले. आणि त्यांतले निम्म्याहून अधिक पहिल्या सहा महिन्यांच्या भेटीपर्यंतच सापडले. म्हणजे जी खेप लोक चुकवतात, तीच सर्वांत मोलाची!

आम्ही इतिहासाची माणसे एका कागदावर निकाल देत नाही; दुसरा कागद शेजारी ठेवून पाहतो. येथेही तसेच आहे. एकट्या फोटोला जे सांगता येत नाही, ते दोन फोटो मिळून सांगतात. तेव्हा जुना फोटो आणि अहवाल जपून ठेवा, पुढची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून टाका, आणि जाताना जुने कागद बरोबर न्या. मधल्या काळात हाताला नवी गाठ लागली, कातडी ओढल्यासारखी दिसली किंवा स्तनाग्रातून रक्त आले, तर मात्र तारखेची वाट पाहू नका. त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. ‘पुन्हा या’ म्हणजे ‘विसरून जा’ नव्हे.